मुलांच्या वॉर्डातली सिस्टर

"कान दिसत नाहीयेत, आई. अजून एकदा घेऊ."

सिस्टरांनी केस पुन्हा कानामागे सारले आणि त्या भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या. मागे घड्याळ दिसतं म्हणून आधी ते उतरवून ठेवलं होतं. मग घड्याळाचा खिळा दिसतो म्हणून त्यांना जरा डावीकडे सरकवलं होतं. मग दिव्याची तिरीप चमकते म्हणून चष्मा काढायला लावला होता. आता चष्म्याशिवाय त्यांना समोरचे जावई धूसर दिसत होते, आणि खरं सांगायचं तर त्याने त्यांचं फारसं काही अडत नव्हतं.

"हसू नका हं. हसरा फोटो घेत नाहीत," जावई म्हणाले.

हसण्यासारखं काय आहे हे सिस्टरांना समजेना. दहा मिनिटांचं काम म्हणून त्यांना सकाळी बोलावलं होतं. जेवणं झाली, भांडी झाली, नात झोपून उठली, आणि अर्जात अजून फोटोच चिकटत होता.

जावई एका कंपनीत हिशेब तपासायचं काम करत. माणूस सज्जन. आवाज चढवत नसत, लेकीला दुखवत नसत, सासूला आई म्हणत तेही मनापासून. फक्त कुठलंही काम त्यांच्या हातात गेलं की त्याचं लग्नकार्य व्हायचं. घरात नवा पंखा आला तर त्याच्यासोबतचं माहितीपत्रक पूर्ण वाचून होईपर्यंत सगळ्यांनी घाम पुसत बसायचं.

अर्ज सिस्टर स्वतःच भरणार होत्या. पण लेक म्हणाली, "ह्यांना वाईट वाटेल, आई. सगळ्या जगाची कामं करतात आणि सासूने विचारलं नाही, असं नको व्हायला." म्हणून सिस्टरांनी पासपोर्ट जावयांच्या हातात दिला, आणि त्या क्षणापासून त्यांच्या प्रवासाशी त्यांचा काही संबंध उरला नाही. ईमेल जावयांचा, फोन नंबर जावयांचा, पासवर्डही जावयांचा. शेजारी लेक बसून उत्तरं देत होती. सिस्टरांनी खुर्ची ओढून घेतली की ती म्हणायची, आई, तू हिला खाऊ घाल ना, आम्ही बघतो.

जायचं होतं ताईकडे. सिस्टरांची थोरली बहीण परदेशात मुलाजवळ राहायची. त्या देशात जायला व्हिसा लागत नसे, पण विमानात बसायच्या आधी तिथल्या सरकारची परवानगी ऑनलाइन मिळवावी लागे, आणि ती नसेल तर विमानतळावरूनच परत पाठवत. ताईच्या हृदयाची झडप बदलायची होती. ऑपरेशनची तारीख ठरली होती. ताईच्या मुलाने मावशीसाठी तिकीटही काढून पाठवलं होतं, ऑपरेशनच्या आधी पोचेल असं. आयुष्यभर कुणाकडे काही न मागितलेली ताई फोनवर म्हणाली होती, "मला भूल देतील तेव्हा समोर ओळखीचं थोबाड पाहिजे. इथले सगळे तोंडाला फडकी बांधून असतात. तू ये. नंतरचं नंतर."

म्हणजे प्रश्न एवढाच होता की सिस्टर वेळेत पोचणार की नाही. आणि त्याचं उत्तर जावयांच्या लॅपटॉपमध्ये होतं.

"व्यवसाय," जावयांनी वाचलं. "परिचारिका. विभागही विचारलाय. मुलांचा वॉर्ड ना, आई?"

"हो," लेक म्हणाली.

सिस्टरांनी नातीच्या तोंडात बिस्किटाचा तुकडा दिला आणि मान खाली घातली.

सिस्टर मुलांच्या वॉर्डात नव्हत्या. कधीच नव्हत्या. नोकरीला लागल्यापासून त्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, धुलाईघराच्या पलीकडे असलेल्या टीबीच्या वॉर्डात होत्या. इतर सिस्टर तिथे बदली झाली की रडत येत आणि ओळख लावून सुटत. या एकदा गेल्या त्या तिथल्याच झाल्या. नातेवाईक तेव्हा घरी येऊन समजावून गेले होते, की नवरा गेलेला, पदरात मुलगी, असल्या जागी कशाला राहतेस. ताई तेवढी म्हणाली होती, "नोकरी आहे, चोरी नाही. रोज न्हाऊन घरी जा आणि खुशाल पोरीला जवळ घे."

मुलांचा वॉर्ड उगवला तो लेकीचं लग्न ठरत होतं तेव्हा. विहीणबाईंनी, म्हणजे जावयांच्या आईने, सहज विचारलं होतं, "कुठल्या वॉर्डात असता?" सिस्टर तोंड उघडणार तोच लेकीने सांगून टाकलं, "मुलांच्या." घरी आल्यावर तिने आईचे पायच धरले. विहीणबाईंचा तरुण भाऊ त्या रोगाने गेला होता. त्याचं नाव निघालं तरी त्या उठून हात धुऊन येत. "लग्न होईपर्यंतच गं, आई," लेक म्हणाली होती. "नंतर मी सांगते सावकाश."

लग्न झालं, बाळंतपण झालं, नात शाळेत जायच्या वयाची झाली. सावकाश काही संपलं नाही. उलट ते खोटं बाळसं धरत गेलं. नातीला दात येताना ताप आला की विहीणबाई फोन करत, "तुमच्याकडे काय देतात हो?" सिस्टर म्हणत, बघून सांगते, आणि धुलाईघर ओलांडून खरोखरच्या मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरला विचारून येत. विहीणबाईंना त्यांचं इतकं कौतुक, की या यायच्या म्हटल्या की शेजारपाजारच्या बायका कडेवर पोरं घेऊन हजर व्हायच्या. कुणाचं पोट दुखतं, कुणी दूध ओकतं. सिस्टर कपाळाला आठ्या घालून विचार केल्यासारखं करत आणि "उद्या सांगितलं तर चालेल का?" म्हणत. विहीणबाई अभिमानाने सगळ्यांना सांगत, आमच्या विहीणबाई घाईने औषध देत नाहीत. सिस्टरांना कधीकधी वाटायचं, या मुलांच्या वॉर्डाच्या जाचापेक्षा आपला वॉर्ड सुखाचा.

अर्ज संध्याकाळी एकदाचा गेला. जावयांनी लॅपटॉप मिटून हात चोळले. सिस्टर म्हणाल्या, "मला एकदा सगळं वाचून दाखवलं असतं तर..." जावई म्हणाले, "आई, तुम्ही आता फक्त बॅग भरा."

दुसऱ्या दिवशी सिस्टर ड्यूटीवर असतानाच परवानगी आली. जावयांनी तिची प्रत फोनवर पाठवली, वर हार्दिक अभिनंदन लिहून, जणू सासूबाई परीक्षेत पहिल्या आल्या होत्या. सिस्टर हरखल्या. वॉर्डातल्या आयाला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, खिडकीपाशी खाटेवर बसलेल्या निवृत्त मास्तरांनाही सांगितलं. मास्तर म्हणाले, "चला, आता आम्हाला गोळ्या थुंकायला मोकळीक."

त्या वॉर्डात गोळ्या हातात देऊन चालत नसे. कडू गोळ्या, मूठभर, त्याही महिनोन्‌महिने. माणसं गादीखाली लपवत, गालात धरून मग मोरीत टाकत. म्हणून सिस्टर प्रत्येकापुढे उभ्या राहत. पाणी पिऊन झालं की म्हणत, "आ करा. जीभ वर." तोंड रिकामं दिसलं तरच तक्त्यावर खूण. नुसतं "घेतली हो" म्हटलेल्यावर त्यांनी आजवर खूण केली नव्हती. याच्यामुळे सगळा वॉर्ड त्यांना मागून "आ-करा सिस्टर" म्हणायचा, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

मास्तरांच्या नावापुढे खूण करून त्या टेबलाशी बसल्या आणि त्यांनी चष्मा लावून परवानगीची प्रत उघडली. आपलं नाव वाचलं, पासपोर्टचा नंबर ताडून पाहिला. मग खालची प्रश्नोत्तरं वाचत गेल्या. कधी शिक्षा झाली होती का, नाही. कुठल्या देशाने प्रवेश नाकारला होता का, नाही. क्षयरोग झालेल्या व्यक्तीशी आपला निकटचा संपर्क आला आहे का?

नाही.

पलीकडे मास्तरांना खोकल्याची उबळ आली. सिस्टर सवयीने उठल्या, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, भांडं पुढे धरलं, परत येऊन बसल्या आणि तेच पुन्हा वाचलं. सगळ्यात खाली एक वाक्य होतं, वरील सर्व माहिती मी स्वतः वाचली असून ती खरी आहे. त्याखाली सिस्टरांचं नाव. त्याखाली, अर्जदाराच्या वतीने अर्ज भरणारा म्हणून, जावयांचं.

सिस्टरांना आधी राग आला तो जावयांचा, मग लेकीचा, मग स्वतःचा. इतकी वर्षं ज्यांच्या उशाशी उभ्या राहिल्या, ज्यांची भांडी धरली, ज्यांच्यातल्या काहींचे डोळेही त्यांनीच मिटले, त्या सगळ्यांबद्दल सिस्टरांच्या नावाने कुणीतरी सांगून टाकलं होतं की मी यांना ओळखत नाही. लग्नाच्या बैठकीत बोललेलं खोटं वेगळं, ते घरातलं होतं. हे एका परक्या सरकारला लिहून दिलेलं होतं, आणि खाली त्यांचं नाव होतं.

दुपारी त्यांनी लेकीला फोन लावला.

"तो प्रश्न आला तेव्हा तू शेजारी होतीस ना?"

लेक म्हणाली, "मी काय सांगणार होते, आई? ह्यांच्यासमोर?"

"मला विचारायचंस."

"तू हो म्हणाली असतीस."

लेक मग बोलतच सुटली. परवानगी आली आहे, तिकीट आहे, मावशी वाट बघते आहे. हो लिहिलं असतं तर छातीचा फोटो मागितला असता, थुंकी तपासली असती, आणि हे सगळं होईपर्यंत मावशीचं ऑपरेशन होऊन गेलं असतं. तिकडे कोण बघायला येणार आहे तू कुठल्या वॉर्डात असतेस ते. "तुला मावशीला भेटायचंय की नाही?" तिने शेवटी विचारलं, आणि तिचा आवाज रडवेला झाला. "माझं घर आहे गं हे."

सिस्टरांनी ठरवलं, गप्प बसायचं. ताईसाठी, आणि पोरीसाठी. ठरवलं खरं, पण रात्री जेवण गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात मास्तरांनी "काय, निघाली का तयारी?" विचारलं तर त्या विनाकारण त्यांच्यावर खेकसल्या.

जायच्या आधी एकदा जेवायला या, असा लेकीचा निरोप होता. सिस्टर गेल्या. नात मांडीवर येऊन बसली. विहीणबाईंनी प्रवासात घालायला स्वतः विणलेला स्वेटर आणून दिला आणि गुडघेदुखीचं तिकडे काही मलम मिळतं का बघा म्हणाल्या. सगळं इतकं मायेचं चाललं होतं की सिस्टरांना वाटलं, निभावलं. मग जावयांनी कागद-पेन घेतलं.

"आई, तिथे उतरल्यावर अधिकारी प्रश्न विचारतात. आपण तालीम करून घेऊ. मी अधिकारी." त्यांनी खरोखर खुर्ची टेबलापलीकडे नेली आणि चेहरा कडक केला. "कशासाठी आलात?"

"बहिणीच्या ऑपरेशनसाठी."

"छान. अडखळायचं नाही. किती दिवस राहणार?"

सिस्टरांनी सांगितलं.

"काम काय करता?"

"नर्स आहे."

"कुठल्या विभागात?"

लेकीच्या हातातलं भांडं ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. सिस्टरांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"म्हणा ना, आई," जावई हलकेच म्हणाले. "साधा प्रश्न आहे. मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. म्हणा."

एवढं एक वाक्य. विहीणबाईंपुढे, शेजारणींपुढे त्यांनी ते इतक्या वेळा चालू दिलं होतं. पण आजवर दर वेळी ते दुसरंच कुणीतरी बोललं होतं. स्वतःच्या तोंडाने त्या ते एकदाही बोलल्या नव्हत्या. त्यांना ते आत्ता कळलं.

"मी टीबीच्या वॉर्डात आहे," सिस्टर म्हणाल्या. "पहिल्यापासून. मुलांच्या वॉर्डात मी कधी नव्हते."

जावयांना आधी वाटलं, सासूबाई गोंधळल्या. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेक ओट्याकडे तोंड करून उभी होती, ती वळलीच नाही. ते पाहून त्यांना समजलं.

"म्हणजे मी खोटं लिहिलं," जावई म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "माझं नाव आहे खाली. अर्ज भरणारा म्हणून."

विहीणबाई उठल्या, सिस्टरांच्या मांडीवरून त्यांनी नातीला उचललं आणि म्हणाल्या, "चल बाळा, हात धुऊ." नात म्हणाली, माझे हात स्वच्छ आहेत. तरी त्या तिला आत घेऊन गेल्या. बराच वेळ नळ वाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जावयांचा संदेश आला, "अर्ज मागे घेतला आहे." त्याखाली काही नाही. अभिनंदन तर नाहीच.

सिस्टरांनी फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. मग संदेश पाठवला, खरं ते लिहून नवीन अर्ज करू या. उत्तर आलं, "बघतो." बघतो हा शब्द सरकारी कचेरीत ऐकायची त्यांना सवय होती, पोटच्या पोरीच्या घरून तो प्रथमच आला. लेकीला विचारलं तर ती तुटकपणे म्हणाली, "ते माझ्याशीसुद्धा बोलत नाहीयेत. तुला हेच हवं होतं ना?" आणि फोन ठेवून दिला.

खोटं लिहिलं ते लेकीने लिहायला लावलं, मागे घेतलं ते जावयांनी घेतलं, आणि सिस्टरांच्या हातात यातलं काहीच नव्हतं. स्वतःचा पासपोर्ट, स्वतःचं नाव, स्वतःचे न हसणारे फोटो. परवानगी मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर. एवढी चीड त्यांना कित्येक वर्षांत आली नव्हती.

ड्यूटी संपवून त्या बाजारपेठेतल्या एका दुकानात गेल्या. असले अर्ज भरून देतो अशी पाटी होती. दुकानदाराने पासपोर्ट घेतला, खटाखट बटणं दाबली आणि मान हलवली.

"मावशी, या पासपोर्टवर आधीच खातं उघडलंय. नवीन अर्ज त्याच खात्यातून करावा लागेल. कुणी भरला होता?"

"जावयांनी."

"मग काय, घरचेच आहेत," दुकानदार हसून म्हणाला. "त्यांनाच सांगा ना."

घरी आल्यावर ताईचा फोन. बॅगेत काय काय भरलंस ते सांग, म्हणाली. सिस्टरांनी आधी उडवाउडवी केली, पण ताईपुढे ती कधीच चालली नव्हती. मग त्यांनी सगळं सांगितलं. ताई ऐकत राहिली. दम लागत असल्याने ती थांबून थांबून बोलायची.

"तालमीत पडलीस म्हण की," ती शेवटी म्हणाली.

"ताई, मी गप्प बसले असते तर आत्ता बॅग भरत असते."

"हो. बसली असतीस तर बरं झालं असतं." ताईने श्वास घेतला. "मला भीती वाटते गं. खोटं कशाला बोलू? तू यायला हवीस." आणि मग, "पण तू बोललीस त्यात माझं काही म्हणणं नाही. कसंही करून ये."

यावर सिस्टर रडल्या. ताई रागावली असती तर त्या रडल्या नसत्या.

विमान दोन दिवसांवर आलं तरी जावयांचं बघणं संपलं नाही, तेव्हा सिस्टर संध्याकाळी न कळवता लेकीच्या घरी गेल्या. दार विहीणबाईंनी उघडलं. त्या बाजूला झाल्या, जरा जास्तच बाजूला. नातीच्या खोलीचं दार लावलेलं होतं, आतून तिच्या बडबडीचा आवाज येत होता. जावई टेबलाशी होते. सिस्टरांनी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

"तुमचा माझ्यावरचा राग योग्य आहे," त्या म्हणाल्या. "मी गप्प राहिले आणि तुमच्या हातून खोटं लिहिलं गेलं. त्याबद्दल मला माफ करा. आता लॅपटॉप काढा."

"आई, आता वेळ कुठे आहे? ते तपासण्या सांगतील..."

"सांगू देत. पासवर्ड तुमचा, बोटं तुमची. वाचणार मी."

जावयांनी लॅपटॉप काढला. सिस्टरांनी चष्मा लावला. या वेळी प्रत्येक प्रश्न त्यांनी स्वतः वाचला, उत्तर दिलं, आणि पडद्यावर तेच उमटलंय हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही. जावई एरवी वैतागले असते. पण ही पद्धत त्यांच्याच स्वभावाची होती, आणि हळूहळू तेही मान डोलवू लागले. फोटो जुनाच चालला. विभागाच्या रकान्यात त्यांनी खरा वॉर्ड लिहिला. स्वयंपाकघरात लेकीने चहाचं आधण ठेवल्याचा आवाज येत होता.

तो प्रश्न आला. क्षयरोग झालेल्या व्यक्तीशी आपला निकटचा संपर्क आला आहे का?

"हो," सिस्टर म्हणाल्या.

जावयांनी बटण दाबलं आणि दोघंही पडद्याकडे बघत राहिले. खाली एक नवी ओळ उघडली. हा संपर्क आरोग्यसेवेतील आपल्या कामामुळे आला आहे का?

"हो."

पुढचा प्रश्न होता, विमान कुठल्या शहरात उतरणार.

जावयांनी मागे जाऊन पाहिलं. पुन्हा पुढे आले. छातीचा फोटो नाही, थुंकी नाही, डॉक्टरचा दाखला नाही. "एवढंच?" ते स्वतःशीच म्हणाले. सिस्टरांनी शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं, की वरील सर्व माहिती मी स्वतः वाचली असून ती खरी आहे, आणि तिथली खूण स्वतःच्या बोटाने केली. त्याखाली जावयांनी आपलं नाव घातलं. घालताना ते क्षणभर थांबले, पण घातलं.

परवानगी चहाच्या आधी आली. जावयांचा फोन वाजला, त्यांनी पाहिलं आणि तो सासूपुढे सरकवला. "आली, आई," ते म्हणाले. त्यांचा आवाज ओशाळलेला होता. "त्यांना काहीच हरकत नव्हती."

सिस्टरांनी ती अथपासून इतिपर्यंत वाचली. ताई दिसणार होती. भूल देतील तेव्हा समोर उभं राहायला मिळणार होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाठोपाठ मोठा संतापही आला. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पाहणारही नव्हते, त्यांनी दोन प्रश्नांत सगळं ऐकून घेतलं होतं आणि या म्हटलं होतं. आणि इथे, या टेबलाशी बसून, इतकी वर्षं त्या दुसऱ्याच कुणाचे तरी दात आणि पोटदुख्या सांभाळत होत्या. कशासाठी, असं त्यांना ओरडून विचारावंसं वाटलं. पण विचारणार कुणाला?

लेक ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रेमध्ये घरातले निळ्या काठाचे कप होते, आणि त्यांच्यामध्ये एक कागदी पेला. नातीच्या वाढदिवसाला आणलेल्यांतला उरलेला असावा. त्यावर रंगीत फुगे छापलेले होते. विहीणबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. जावयांनी पेला पाहिला आणि घाईघाईने लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली.

लेक टेबलापासून हातभर अंतरावर थांबली. आधी कुणापुढे ट्रे धरावा हे तिला ठरवता येईना. आईकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती.

कपाने काही होत नसतं, हे सिस्टरांनी वॉर्डात कित्येक नातेवाइकांना सांगितलं होतं. कधी समजुतीने, कधी दरडावून. लेकीला त्या ते बोलल्या नाहीत. त्या खुर्चीवरून उठल्या, हात लांब केला आणि कुणी काही म्हणायच्या आत तो फुग्यांचा पेला स्वतःच उचलून घेतला.

चहा कडकडीत होता आणि कागद पातळ. पोळायला लागलं तशी त्यांनी पर्समधून रुमाल काढून पेल्याभोवती धरला. मग खाली बसून, जराही घाई न करता, त्या शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यायल्या.

"छान झालाय गं," त्या लेकीला म्हणाल्या.

लेक अजून ट्रे धरूनच उभी होती.